चुकली की थांबली

"मी आयुष्यभर पोरी पळवल्या," असं मी लग्नाकार्यात कुणी नोकरीबद्दल विचारलं की सांगायची. लोक आधी दचकायचे, मग हसायचे. मग मी खुलासा करायची, की अहो, मी विद्यापीठात शारीरिक शिक्षण विभागात प्राध्यापक आहे, खेळाडूंवर संशोधन करते, त्यांना पळवते, नाडी मोजते, रक्त तपासते. एवढं ऐकेपर्यंत समोरच्याचा रस संपायचा आणि तो जिलेबीकडं वळायचा. हा विनोद मी आता करत नाही. का करत नाही ते सांगायलाच लिहायला बसले आहे. संपादकांनी फोनवर "काहीतरी प्रेरणादायी लिहा, मॅडम" असं सांगितलं होतं. मी दोन दिवस घर धुंडाळलं, तसलं काही सापडलं नाही. जे आहे ते देते.

आधी धंदा काय ते सांगते. माणूस पळताना, खेळताना, हरताना त्याच्या शरीराचं आणि मनाचं काय होतं, ते मोजायचं. शरीर मोजायला यंत्रं आहेत. आमच्या प्रयोगशाळेत एक फिरता पट्टा होता. त्यावर खेळाडूला चढवायचं, तोंडाला मुखवटा बांधायचा, वेग वाढवत न्यायचा आणि "बास, मेलो" म्हणेपर्यंत थांबवायचं नाही. पाटणकडचा एक पोरगा आला होता. कोयनेच्या खोऱ्यातला, डोंगरात हरणासारखा पळणारा. मुखवटा बघूनच तो मागं सरला. "मॅडम, हे मुसकं कशापायी? मी काय कुनाचं पीक खानार हाय व्हय?" म्हणाला. समजावून पट्ट्यावर चढवला, तर पहिल्याच मिनिटाला आडवा! "रस्ता पळतोय आन मी जाग्यावच. आसलं पळनं न्हाई बा आपल्याला जमत," असं म्हणून पिशवी उचलून निघाला. चहा पाजून परत आणावा लागला. असल्या गमती पुष्कळ झाल्या, आणि त्या दिवसांत मला माझं काम फार आवडायचं.

मन मोजायला मात्र यंत्र नाही. तिथं प्रश्न विचारायचे. ते खातं माझ्या सहकारी मगदूम मॅडम यांचं. त्या मानसशास्त्राच्या. सांगलीजवळच्या जैन घरातल्या, सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय तोंडात काही न घालणाऱ्या. त्यांच्यामुळं आमची अख्खी तुकडी दौऱ्यावर संध्याकाळी पाचला जेवायची आणि रात्री उपाशी तळमळायची. शब्दाच्या मात्र फार पक्क्या बाई.

एकदा सांगलीकडच्या एका तालमीत आम्ही पैलवानांना प्रश्न विचारत होतो. "कुस्तीआधी तुम्हाला भीती वाटते का?" पाच उत्तरं, "अजिबात नाही" पासून "खूप" पर्यंत. वस्ताद मिशीला पीळ देत डोक्यावर उभे. सगळ्यांनी "अजिबात नाही" सांगितलं, दुसरं काय सांगणार! वस्ताद चहाला गेले तसा एक पैलवान, कान मोडलेला, दाराएवढा, हळूच मगदूम मॅडमना म्हणाला, "मॅडम, भ्या न्हाई वाटत. निस्तं पोटात कालवतंय, हात गार पडत्यात आन वकारी येती. भ्या न्हाई." मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग गाडीत बसल्यावर गंभीर झाल्या. "आपण 'पोटात कालवतं का' असं विचारायला पाहिजे होतं," म्हणाल्या. पण ते विचारता येत नव्हतं.

का येत नव्हतं, ते समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. या प्रश्नावल्या बहुतेक परदेशात तयार होतात. त्या मराठीत आणायची एक रीत आहे. एकजण इंग्रजीतून मराठी करतो. दुसरा, ज्यानं मूळ बघितलेलं नाही असा, मराठीवरून परत इंग्रजी करतो. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की भाषांतर पास. एकदा पास झालं की ती काळ्या दगडावरची रेघ. मैदानात कुणी "म्हंजे काय वं?" विचारलं तरी तोच प्रश्न परत वाचायचा, आपला शब्द घालायचा नाही. हे चांगल्यासाठीच असतं. नाहीतर जो तो आपल्या परीनं विचारणार आणि उत्तरांची भेळ होणार. मी स्वतः वर्गात घसा फोडून हे शिकवलं आहे.

तर आम्हाला एक मोठं काम मिळालं. गावाकडच्या धावणाऱ्या मुली आणि त्यांचं आरोग्य. कवठे महांकाळ, जत भागात पहाटे मोटारीनं गेलात तर रस्त्याच्या कडेनं पोरी पळताना दिसतील, ओढणी कमरेला गच्च बांधलेल्या. शाळेच्या स्पर्धा असतात, पण खरा डोळा पोलीस भरतीवर. तिकडं जमीन आहे, पाणी नाही. पळणं फुकट असतं, म्हणून पोरी पळतात. आम्हाला बघायचं होतं, की या पोरी खातात किती, पळतात किती आणि त्यांच्या अंगाचं काय होतं.

त्यात एक गोष्ट महत्त्वाची होती. मुलगी पळते भरपूर आणि खाते कमी, असं फार दिवस चाललं की तिची पाळी बंद पडते. घरात धान्य कमी पडलं की बाई आधी सणवार बंद करते, रोजची चूल कशीबशी पेटती ठेवते. शरीरही तसंच वागतं. वेळेत कळलं तर पोटभर खाऊन, विश्रांती घेऊन सगळं जाग्यावर येतं. नाही कळलं तर पुढं हाडं ठिसूळ होतात. तेव्हा हे विचारणं भागच होतं. परदेशी प्रश्नावलीत प्रश्न होताच. मराठीत तो असा उतरला: "गेल्या तीन महिन्यांत तुमची पाळी चुकली आहे का?"

वाचणाऱ्या बायका इथंच थांबल्या असतील.

आपल्याकडं पाळी चुकली याचा अर्थ एकच. पेढे वाटायचे की तोंड लपवायचं, ते गळ्यात मंगळसूत्र आहे का नाही त्यावर ठरतं. भाषांतर पास करायच्या दिवशी आमच्या टेबलाला सगळ्या बायकाच होत्या, सगळ्या मराठी घरातल्या. प्रत्येकीनं हे शब्द आईच्या, जावेच्या तोंडून कुजबुजताना ऐकलेले. पण परत इंग्रजीत नेल्यावर नेमका मूळचाच 'मिस्ड' हा शब्द उतरला, टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आम्ही त्या वेळी विचार इंग्रजीत करत होतो. प्रश्न पास झाला आणि आम्ही कांदाभजी मागवली.

कोमल जत तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आधीच बोलणारे फार आहेत. आई ती रांगत असताना गेली. वडील पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, गाव त्यांना तात्या म्हणतं. वाढवली चुलतीनं. कोमल पळायला कशी लागली, ते तिनंच मला सांगितलं होतं. टँकर गावाच्या फाट्यावर वळला की ही पोरगी आडवाटेनं पळत सुटायची आणि टँकर पोचायच्या आधी वाड्यावस्त्यांवर ओरडत जायची, "घागरी काडा गं, टँकर आला!" तात्या मुद्दाम गाडी दामटायचे, तरी ती पुढं. शाळेतल्या माने सरांनी हे बघितलं आणि तिला मैदानावर आणली. मी तिला पळताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं घड्याळ दाबायचं विसरले. तिची टाच जमिनीला लागतीय का नाही कळत नव्हतं. मी स्वतः तरुणपणी पळत होते, बऱ्या पदकांपर्यंत गेले होते. म्हणून सांगते, असली पोरगी मास्तराच्या आयुष्यात एकदा येते.

"भरतीत काय, डोळे झाकून निघशील," मी तिला म्हटलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मला खाकी घालून टँकरच्या केबिनीत बसायचं हाय. तात्यांच्या शेजारी. एकदाच. सगळ्या वस्त्या फिरून यायचं." तिचं मागणं एवढंच होतं.

प्रश्न विचारायचा दिवस शाळेच्या वऱ्हांड्यात ठरला. अठराच्या आतल्या मुलीला असले प्रश्न विचारताना घरची कर्ती बाई शेजारी पाहिजे, असा आमच्या नीतिमत्ता समितीचा नियम. मुलींच्या रक्षणासाठी. म्हणून कुणाची आई, कुणाची आजी आणि कोमलची चुलती अशा सगळ्या ओळीनं भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलींपैकी निम्म्या घरात कानडी बोलणाऱ्या, तेव्हा मराठी प्रश्न वाचून दाखवायचं ठरलेलं. वाचत होती आमची संशोधक विद्यार्थिनी अदिती, शहरातली, गोड आवाजाची, स्पष्ट उच्चारांची.

सुरुवात छान झाली. "स्पर्धेआधी छातीत धडधडते का?" असं विचारल्यावर कोमल "व्हय" म्हणाली आणि चुलतीनं टोमणा मारला, "घरात बी धडधडतीया की. परत्येक भांडं पाडून फोडती." सगळ्या हसल्या. मी पलीकडच्या टेबलावर एका पोरीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेत होते.

अदितीनं वाचलं, "गेल्या तीन महिन्यांत तुमची पाळी चुकली आहे का?"

"व्हय," कोमल म्हणाली.

"किती वेळा?"

"तिन्ही बारीला. आलीच न्हाई."

मी मनात म्हटलं, सापडली! खरं सांगते, आनंद झाला मला. एवढे महिने हिंडत होतो ते हेच शोधायला. मान वर केली. सगळ्या बायका कोमलच्या पोटाकडं बघत होत्या.

"काय म्हनलीस गं?" चुलतीनं विचारलं.

"काकी, मॅडमनी इचारलं म्हनून..."

"चल घरला."

"आजून प्रश्न हायती."

"चल म्हनलं न्हवं!"

चुलतीनं तिच्या दंडाला धरून उठवली. मगदूम मॅडम मागं धावल्या. "अहो बाई, तसलं काही नाही! हे वेगळं असतं. पळण्यानं होतं हे!" म्हणाल्या. भिंतीकडच्या बायकांतून एकजण फिस्सकन हसली. "पळल्याव आनि काय हुनार!" चुलती वळली नाही. पळणं म्हणजे एका गावात दोन गोष्टी असतात, हे त्या घटकेला आम्हा दोन पंडितांना समजलं.

संध्याकाळी माने सरांचा फोन. "मॅडम, ग्राउंडवर एक बी पोरगी आली न्हाई. आन लोक माझ्याकडं बघत्यात." पहाटे पोरींना पळायला घेऊन जाणारा माणूस कोण, तर माने सर. माळकरी, दोन मुलींचे बाप. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पानटपरीवर मात्र सर दिसले की आवाज बारीक व्हायचे. सरांनी पुढच्या वर्षी बदली मागून घेतली, पाटणच्या बाजूला, आणि तिथं ते फक्त मुलांचा संघ घेतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोमलला आणि चुलतीला विद्यापीठाच्या गाडीतून कवठे महांकाळला शिकलगार डॉक्टरांकडं नेलं. अख्ख्या वाटेत चुलती खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टरबाईंनी तपासलं, मशीन लावलं, आणि चुलतीला समोर बसवून सांगितलं, "मावशी, पोरीला दिवस गेलेले नाहीत. पोरीच्या अंगात रक्तच नाही. सकाळी चहात दोन बटर बुडवून खाऊन गाढवासारखी पळते ही. पोटाला घाला हिच्या." चुलती टेबलावर डोकं टेकून रडली. "माजी पोरगी तसली न्हाई, डाक्टरबाई. मला म्हाईत हुतं," असं सारखं म्हणत राहिली. येताना तिनं कोमलला मांडीवर डोकं ठेवून निजू दिलं. मगदूम मॅडम मला म्हणाल्या, "चला, गंगेत घोडं न्हालं." आम्ही त्या दिवशी पाचला पोटभर जेवलो.

कसलं डोंबलाचं न्हालंय!

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले, तर तात्या अंगणात टँकरच्या चाकाशी बसलेले. मला बाज दिली, पाणी दिलं. म्हटलं, कोमल मैदानावर का येत नाही? डॉक्टरांनी तर लिहून दिलंय.

"आवं मॅडम, माजा इस्वास हाय पोरीवर," ते म्हणाले. "डाक्टरच्या कागदाआदी बी हुता. पन मी गावोगाव पानी वाटतो. कंचीबी वस्ती घ्या, नळी सोडली की बाया घागर लावत लावत इचारत्यात, 'तात्या, पोरगी कशी हाय आता?' आता म्हंजे काय वं? ह्यातलं 'आता' मला कळतंय. त्यास्नी काय सांगू? पाळीचं बोलू, बाप हून?"

"कागद दाखवा."

"किती जनास्नी दावू?" ते रागानं नव्हते विचारत. खरंच विचारत होते. मग म्हणाले, "पंचायतीत लावावं का भित्तीला?" आणि स्वतःच मान हलवली. "न्हाई. त्यानं आनकी बोभाटा."

मी पुष्कळ बोलले. भरती, नोकरी, पोरीचं भविष्य. ते ऐकत होते, मधून मधून "खरं हाय" म्हणत होते. प्रत्येक वेळी खरं हाय. मला अजून वाटतं, त्यांनी माझ्याशी भांडण केलं असतं तर मी जिंकले असते.

जाताना कोमल मला परसात पाण्याच्या पिंपाशी भेटली. तिचे पळायचे बूट तारेवर वाळत टाकले होते, धुतलेले, जसे काही उद्या लागणार आहेत.

"मॅडम, एक इचारू? मी न्हाई म्हनाय पायजे हुतं का?"

"काय?"

"रुपालीची बी लय म्हैनं आली न्हाई. तिनं न्हाई म्हनून सांगितलं. सुजाता बी न्हाईच म्हनली. तुमी म्हनला हुता, खरं तेच सांगा पोरीनू, खऱ्याचाच उपेग हुतो. म्हनून मी व्हय म्हनली."

मी म्हटलं, "तू खरं बोललीस गं, तुझं काही चुकलं नाही." ती माझ्याकडं बघत राहिली, अजून काहीतरी येईल म्हणून. मी गाडीत येऊन बसले आणि ड्रायव्हरला चल म्हटलं.

आम्ही समितीला लिहिलं. "चुकली" काढून "थांबली आहे का" किंवा "येत नाही का" असं घाला म्हटलं. उत्तर आलं, की काम निम्म्यावर आलं असताना शब्द बदलला तर आधीच्या सगळ्या उत्तरांवर पाणी पडेल. पुढच्या प्रकल्पात विचार करू. शास्त्राच्या दृष्टीनं ते चूकही नव्हतं. मीच वर्गात हे शिकवत आले होते. मगदूम मॅडम तेवढ्या एकदा टेबलावर हात आपटून बोलल्या, मग त्याही पुढच्या गावाच्या तयारीला लागल्या. पैसे ज्यांचे, मुदत त्यांची.

मग काय झालं ऐका. कोमलची बातमी आमच्या गाडीच्या आधी पुढच्या गावात पोचत होती. आम्ही जाऊ तिथं पोरी भिंतीला बसलेल्या आईकडं एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई." एकजात सगळ्या. हाडकुळ्या, डोळ्यांखाली काळं, ओठ पांढरे, आणि पाळी म्हणे घड्याळासारखी! आम्ही ऐकत होतो आणि भरून घेत होतो. शेवटी निष्कर्ष छापून आला, की ग्रामीण धावपटू मुलींमध्ये हा त्रास कमी आढळतो. त्यावर माझं नाव आहे. एका परिषदेत त्याचं कौतुक झालं. एका बाईंनी माईकवर सांगितलं, की गावाकडचा सकस आहार आणि मोकळी हवा यांचा हा परिणाम. मला उठून ओरडावंसं वाटलं, की बाई, चहा आणि बटर! मी उठले नाही असं नाही. उठले, बोलले, पुरावा विचारला गेला. पुरावा म्हणजे एक पोरगी, आणि ती तर आमच्या कामातून निम्म्यात उठून गेलेली. अर्धवट उत्तरं आम्ही धरत नाही.

काही महिन्यांनी, कोमलला अठरा पूर्ण झाल्यावर, चुलती सांगलीला माझ्या घरी आली, लग्नाचं आमंत्रण घेऊन. मुलगा गलाईवाला. आमच्या भागातली माणसं देशभर सोनं-चांदी आटवायची दुकानं टाकतात, त्यातला. दुकान पार मद्रासकडं. लांबचं स्थळ मुद्दाम बघितलेलं, तिकडं कोण विचारायला येत नाही. चुलतीचा चेहरा उजळला होता. मला आत घेऊन गेली आणि कानाशी लागून म्हणाली, "बाई, बगा, पोरगी सुदारली. म्हैन्याच्या म्हैन्याला येतीया आता. पळनं सोडलं, घरात बसून दोन घास खाल्लं, झाली बरी. मी सगळ्या बायास्नी सांगितलं, आपापल्या पोरी घरात घ्या."

कपाळ माझं! तिचं निरीक्षण बिनचूक होतं. पळणं बंद, खाणं सुरू, पाळी जाग्यावर. आम्ही कागदावर जे सिद्ध करू शकलो नाही ते तिनं घरात करून दाखवलं होतं. फक्त 'खायला घाला' एवढंच ती सांगायची विसरली आणि 'पळू नका' तेवढं सांगत फिरली. मी तिला समजावलं, "अहो, पळून नाही होत, उपाशी पळून होतं." ती म्हणाली, "त्येच की, बाई. पळूनच." आणि माझ्या हातावर अक्षता ठेवल्या. तिला मी दोष देत नाही. तिनं तिची पोरगी वाचवली, तिच्या हिशोबानं. त्या गावात आज पहाटे कुणीच पोरगी पळत नाही. मी दरवेळी त्या रस्त्यानं जाताना काच खाली घेऊन बघते.

मी लग्नाला गेले होते. कोमलनं वाकून नमस्कार केला. रुपालीही आली होती, ती त्या आधीच पळायची थांबलेली. भरतीची जाहिरात त्याच महिन्यात निघाली.

निवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलले सगळे. विभागानं मला पितळी समई दिली. गेल्या पावसाळ्यात एका नव्या प्राध्यापिकेनं मोबाईलवर तिची प्रश्नावली पाठवली, "मॅडम, तुमचा आशीर्वाद हवा." आता सगळं मोबाईलवर असतं. मी खाली सरकवत गेले. प्रश्न होताच. चुकली आहे का? मी लगेच फोन केला, सगळं सांगितलं. पोरगी गुणी आहे, मनापासून ऐकलं तिनं. म्हणाली, "पण मॅडम, हे भाषांतर प्रमाणित आहे. तुमच्याच प्रकल्पातलं घेतलंय आम्ही."

यंदाच्या जत्रेच्या आधी मी कामासाठी कवठे महांकाळला गेले होते. येताना स्टँडवर बसची वाट बघत होते, तर कुणीतरी "मॅडम!" म्हणून हाक मारली. कोमल. अंगानं भरलेली, चांगली साडी, हातात पिशव्या, बोटाला एक चार-पाच वर्षांची मुलगी. जत्रेला माहेरी निघालेली. मद्रासचं सांगितलं, नवरा चांगला आहे म्हणाली, तमिळ येतं आता म्हणाली. तात्यांच्या गुडघ्यानं जोर सोडलाय, टँकर दुसरा कुणी चालवतो. आम्ही हसलो-बोललो. पळण्याचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

बोलता बोलता जतची गाडी केव्हा फलाटावरनं मागं निघाली कळलंच नाही. गाडी वळून गेटाकडं लागली. काही लांब नव्हती हो. कंडक्टर दारात उभा राहून हात करत होता. माझ्या तोंडातून जुन्या सवयीनं निघून गेलं, "पळ, कोमल! गाठशील!"

कोमलनं पिशव्या उचलल्या. एक पाऊल पुढं टाकलं. मी बघितलं, टाच उचललेली होती, तीच पूर्वीची. मग तिनं स्टँडवरच्या माणसांकडं बघितलं, बाकावर बसलेल्या बायकांकडं बघितलं, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि टाच खाली टेकली.

"आसू द्या, मॅडम," ती म्हणाली. "दुसरी हाय की तासानं."

तेवढ्यात तिची मुलगी हात सोडून सुटली. पिशव्यांमधून, माणसांमधून, थेट बसच्या मागं. काय पळत होती! दोन्ही हात मुठी वळून, मान सरळ. मी घड्याळाकडं हात नेला, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

"ए! थांब!" कोमल ओरडली. स्टँडवरच्या सगळ्यांनी वळून बघितलं एवढ्या मोठ्यांदा ओरडली. "पळू नगंस! थांब म्हनती न्हवं!"

पोरगी थांबली.